कांदळाला मीठ

दारव्ह्याच्या त्या गल्लीत विमलताई आणि हलीमा यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि ती दहा वर्षांत दोघींना कधी आडवी आली नव्हती. विमलताई किसनरावांची बायको, शेतीवाल्या घरची. हलीमाचा नवरा अब्दुल गनी शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायचा. दुपारची भांडी आटोपली की हलीमा विमलताईच्या ओसरीवर हजर. तूर निवडता निवडता गावभरच्या सासवा-सुनांची उणीदुणी निघायची, आणि पानाचा डबा रिकामा झाल्याशिवाय कुणी उठत नसे. विमलताईला दुसरी मैत्रीण नव्हती. तिला दुसरी नकोच होती.

सत्तावन्न साली रत्नागिरीकडचे एक मास्तर बदलून आले आणि मागच्या घरात राहू लागले. विदर्भ मुंबई राज्यात गेल्यापासून तिकडची माणसं अशी इकडे यायला लागली होती. मास्तरांची बायको वच्छलाबाई श्रावणात माहेरी जाऊन आली, ती ओल्या फडक्यात एक लांब हिरवी शेंग गुंडाळून घेऊन. खाडीच्या चिखलात उगवणाऱ्या कांदळाची. झाडावर असतानाच हिला कोंब फुटतो म्हणे. तिनं ती चिखल भरलेल्या घमेल्यात उभी खोचली आणि परसात ठेवली.

दसऱ्याच्या सुमारास शेंगेला दोन पानं फुटली आणि हलीमा त्या घमेल्यावर लट्टू झाली. तिनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ओसरीवर यायला तिला आधी उशीर व्हायला लागला, मग ती एका दिवसाआड यायला लागली, मग यायचीच थांबली.

"शेवग्याच्या शेंगेले काय पाह्यतं वं रोज रोज?" एकदा भिंतीवरून विमलताईनं टोमणा मारला.

"शेवगा नाही, कांदळ हाये! त्याच्या बुडाशी समुद्राचे मासे राह्यतात म्हणे. चाल न तू बी."

"मले कामं हायेत."

कामं कसली डोंबलाची! एकटीच तूर निवडत बसायची आणि पलीकडचं हसणं ऐकायची. माणसावर जळावं तर निदान काही अब्रू तरी राहते, ही बाई दोन पानांवर जळत होती. वच्छलाबाईचं तिला काहीच वाटत नव्हतं. घमेलं तेवढं डोळ्यांत खुपत होतं.

मिठानं झाड मरतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरची मोठी बाभूळ तिच्या सासऱ्यांनी बुडाशी मीठ पुरूनच वाळवली होती. बाजाराच्या दिवशी हलीमा आणि वच्छलाबाई मिळून बाजाराला गेल्या, तशी विमलताई पदरात दोन मुठी जाडं मीठ घेऊन मागच्या परसात शिरली. एक पान आधीच पिवळं पडलं होतं. आता मरायला टेकलंयच, थोडा हात लावू, असं म्हणत तिनं मीठ घमेल्यात सोडलं.

आठवड्यानं पाहते तर पिवळं पान गळून गेलेलं आणि दोन नवी पानं तेल लावल्यासारखी चकाकत होती. मीठ कमी पडलं असेल, म्हणून तिनं पुन्हा टाकलं. आणखी दोन पानं आली. मारायला जावं तर ते उलट बाळसं धरायचं, आणि हिचा जळफळाट वाढायचा. तिसऱ्या खेपेला मात्र त्या दोघी बाजारातून लवकर परतल्या. विमलताई घमेल्याशी वाकलेली, मुठीतून मीठ गळतंय.

"अगो बाई, मीठ!" वच्छलाबाई ओरडली. "खाऱ्या पाण्याचं झाड ते, आणि मी मेली त्याला विहिरीचं गोडं पाणी घालत बसले. विमलताई, तुम्हाला कसं सुचलं हो?" आणि तिनं चक्क विमलताईला मिठी मारली.

हलीमा हसली नाही. बाभळीची गोष्ट तिनं विमलताईच्याच तोंडून ऐकली होती. तिनं त्या मुठीकडे पाहिलं आणि ती सरळ घरी निघून गेली.

त्यानंतर भिंतीवरून हो-नाहीपलीकडे शब्द नाही. गल्लीत मात्र विमलताईनं झाड वाचवल्याचा गवगवा झाला होता, आणि प्रत्येक कौतुकानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उन्हाळ्यात मास्तरांची बदली झाली. जाताना वच्छलाबाईनं घमेलं विमलताईच्या ओसरीवर आणून ठेवलं. "हे तुमचंच," म्हणाली.

दुसऱ्या दुपारी हलीमा आली. विमलताईचा जीव सुपाएवढा झाला. तिनं लगबगीनं चहा टाकला, पानाचा डबा पुढे केला.

"नको," हलीमा म्हणाली. ती घमेल्याशी बसून पानांवरची धूळ पुसत होती. "विमल, सांगून ठेवते. मी झाडासाठी आली. तुह्यासाठी यायचं त्या दिवशीच संपलं."

"मले मारायचंच होतं त्याले," विमलताईच्या तोंडून निघून गेलं. "तू तिकडंच बसून राह्यत होती म्हणून."

"ठाऊक हाये मले." हलीमानं आता कुठं वर पाहिलं. "कायले वं असं केलं? एक डाव 'ये' म्हटलं असतं तं मी आली नसती का?"

दहा वर्षांत विमलताईनं हलीमाला एकदाही बोलावलं नव्हतं. हलीमा आपली आपणच यायची.

त्या दिवसापासून विमलताई स्वतःच्या हातानं कांदळाला मीठपाणी घालू लागली. सवतीला वाढावं तसं, पण एक दिवस चुकवला नाही. झाड मेलं असतं तर हलीमा आली नसती. ती रोज यायची, घमेल्याकडे तोंड करून बसायची, झाडाशीच दोन शब्द बोलायची.

"ये वं," दारातच विमलताई म्हणायची. मग पाट झाडाजवळ सरकवायची आणि आपण मागं, चुलीपाशी जाऊन बसायची.