शस्त्रांच्या रांगेत आत्यासाहेब

आमच्या घराण्यातले पुरुष लढाईत पडायचे. बायका मोरीत पडतात. पुरुषांच्या पडण्याचे पोवाडे होतात, बायकांचं "पाय घसरला" एवढ्यावर भागतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्यासाहेब पडल्या. आत्यासाहेब म्हणजे जनाबाई, माझ्या वडिलांची, आबासाहेबांची, थोरली बहीण. विधवा झाल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. त्या दिवशी आम्ही सगळे बेटम्याला लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर मोरीतून आरती ऐकू येत होती. दुपारपासून त्या तिथंच होत्या. हाका मारून माणूस येईना, म्हणून देवाला बोलावून पाहिलं होतं. देवही लग्नालाच गेला असावा. हाड मोडलं नव्हतं, रक्ताचा थेंब नव्हता, फक्त उठता येत नव्हतं. मी त्यांच्या काखेत हात घातला तेव्हा त्या थरथरत होत्या. थोड्या वेळानं लक्षात आलं, त्यातली निम्मी थरथर माझी होती.

महूच्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिले. म्हणाल्या, "माँजी, हड्डी ठीक है, ताक़त नहीं है. बैठो, उठो, रोज़." औषध काहीच दिलं नाही, त्यामुळे आमच्या घरात त्यांना डॉक्टर मानायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हापासून आत्यासाहेब जमिनीवर बसेनात. जेवण उभ्यानं, जप उभ्यानं, तांदूळ निवडणंही उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर सूप ठेवून. आईनं विचारलं तर म्हणायच्या, उभं राहिलं की वारा चांगला लागतो. मला एकटीला खरं सांगितलं. खाली गेले आणि वर येता आलं नाही तर? आणि घरात कुणी नसलं तर? हे ऐकल्यापासून मला शाळेतून घरी येताना कुठलीही आरती सोसेना.

रोज सकाळी मागच्या खोलीत व्यायाम चालू झाला. पलंगाच्या काठावर बसायचं, उठायचं, परत बसायचं. मी दाराशी पहारा द्यायची. पहारेकरी म्हणून मी वाईट निघाले. आबासाहेब माझ्या डोक्यावरून आत बघत उभे होते आणि मी त्यांनाच 'हळू बोला' म्हणाले.

त्यांना ते मुळीच पटलं नाही. दरबारी घराणं, दंड-बैठका पुरुषांनी काढायच्या. आता पुरुषही काढत नव्हते ही गोष्ट वेगळी. राजधानी आमच्याकडून भोपाळला गेल्यापासून आबासाहेबांचं कशातच मन नव्हतं; घरातल्या रीतीभाती तेवढ्या त्यांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या.

"अक्का, या वयात मांड्या कमावून कुणाला दाखवायच्यात?"

"दाखवायच्या नाहीत, जयसिंग. उठायचंय."

शेजारच्या कुमुदिनीकाकूंना वेगळीच शंका. त्यांना वाटलं कंबर बारीक करायचं चाललंय. किती फरक पडला म्हणून त्या टेप घेऊनच आल्या. आत्यासाहेबांनी शांतपणे माप देऊन टाकलं. कंबर होती तेवढीच निघाली. "पण आता ती माझं ऐकते," त्या म्हणाल्या. काकू टेप गुंडाळून निराश होऊन गेल्या.

नवरात्रापर्यंत त्या पलंगावरून हात न टेकता उठायला लागल्या. पाटावरून भिंत धरून उठायच्या. जमिनीवरून मात्र माझ्या हाताशिवाय एकदाही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. तलवारी, भाला, ढाल, आणि आता कुणी लढत नाही म्हणून आबासाहेबांचं फाउंटन पेन आणि सायकलचा पंप. आमच्या घरची रीत अशी, की पूजा झालेलं शस्त्र दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनापर्यंत कुणी उचलायचं नाही. कुणा पणजोबांनी उचललं होतं म्हणे, तर त्यांचा घोडा वारला.

मंत्र चालू होते. आबासाहेबांचे डोळे मिटलेले. मी नैवेद्याचं ताट धरून दारात. इतक्यात ढाल घसरून समईकडे गडगडायला लागली. ती धरायला आत्यासाहेब वाकल्या आणि तोल जाऊन खालीच बसल्या. भाला आणि पंपाच्या मधे, ढाल मांडीवर, बरोब्बर रांगेत. मंत्र चालू असताना बोलायचं नाही, म्हणून त्याही बोलल्या नाहीत आणि मीही. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी भाल्याला गंध लावलं, आत्यासाहेबांना लावलं, पंपाला लावलं. सगळ्यांवर अक्षता, सगळ्यांवर झेंडू.

आबासाहेबांनी डोळे उघडले. मी ताट ठेवून धावले.

"भानुमती, हात लावू नको," ते म्हणाले. "पूजा झालीय."

मला वाटलं चेष्टा आहे. आबासाहेब चेष्टा करत नाहीत. त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी पुष्कळ विचार करून म्हणाले, घरची रीत स्पष्ट आहे, पूजलेलं उचलायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न, असं म्हणून आबासाहेबांनी उशी मागवली. आई जेवणाचं ताट तिथंच वाढायला निघाली. सगळे किती नीट वागत होते! आत्यासाहेबांचा चेहरा मात्र मोरीत होता तसाच झाला होता. ओठ हलत होते. आता आरती सुरू होणार असं मला वाटलं. घोडा आमच्याकडे नव्हताच. मी हात पुढे केला.

"हात नको, भाने," आत्यासाहेब म्हणाल्या. मग गुरुजींकडे वळून, "शस्त्र आपणहून उठलं तर?"

आजवर कुठलं उठलं नाही, असं गुरुजींनी कबूल केलं.

त्यांनी ढाल हलकेच बाजूला सरकवली. कुशीवर वळल्या. एक तळवा जमिनीवर, मग गुडघा. धरायला भिंत नाही, पलंग नाही, मी नाही. एक पाऊल पुढे टेकलं आणि त्या तिथंच अडकल्या, निम्म्या वर, निम्म्या खाली. मांडी लुगड्याच्या आत थडथड उडताना दिसत होती. गंधावरून घामाचा ओघळ आला. एक झेंडू खाली पडला. आबासाहेबांचा हात आपोआप पुढे गेला, मग त्यांना रीत आठवली, आणि तो हवेतच राहिला. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे मोरी आली, म्हणून उघडले.

त्या उभ्या होत्या.

आबासाहेब घाईघाईनं स्वतःची खुर्ची ओढत घेऊन आले. "बसा अक्का. आता इथंच बसत जा. खाली नकोच."

आत्यासाहेबांना धाप लागली होती. धाप उतरेपर्यंत त्यांनी आम्हाला ताटकळत ठेवलं.

"आत्ता उठले ते घाबरून," त्या म्हणाल्या. "घाबरून कुणालाही उठता येतं. खुर्ची बाजूला घे, जयसिंग."

आणि पदर कमरेला खोचून त्या पुन्हा खाली बसायला लागल्या.