फुटलेला चेंबर

माझा नवरा हितेंद्र याचं धुळ्यात देवपुरात बियाण्यांचं दुकान आहे. जगातला प्रत्येक मेकॅनिक चोर असतो, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे आमची गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली आणि गिअर टाकताना खालून धाडकन आवाज यायला लागला, तेव्हा इंजिनची दोन्ही माउंटिंगं घरीच बदलायचं त्यानं ठरवलं. माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते जाड रबर. ते फाटलं की इंजिन हादरतं, हे त्याला मोबाइलवरच्या व्हिडिओनं शिकवलं होतं.

दुपारी सावद्याला माझ्या भावाची वास्तुशांती होती. "तासाभराचं काम आहे," म्हणत तो सकाळीच गाडीखाली शिरला.

इंजिनला आधार म्हणून त्यानं ऑइल चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली, नुसता जॅक लावला. मी म्हटलं, "अहो, व्हिडिओतल्या माणसानं मधे फळी ठेवली होती. आणि एक माउंटिंग बसवल्यावरच दुसरं खोललं होतं."

"तू पुऱ्या तळ," तो म्हणाला.

पुऱ्या सावद्याला तळायच्या होत्या, माझ्या वहिनीनं. पण स्वतःच्या बायकोला आज काय काम आहे हेही ठाऊक नसलेला माणूस इंजिन खोलत होता, तर मी काय बोलणार?

त्यानं दोन्ही माउंटिंगं एकदम खोलली. इंजिनचा सगळा भार जॅकवर आला, कड्‌कन आवाज झाला आणि चेंबरला तडा गेला. काळं तेल अंगणभर पसरलं. हितेंद्र बाहेर आला तो कोपरापर्यंत माखलेला.

सासूबाई, कुंदाबाई, नवी साडी नेसून ओट्यावर उभ्या होत्या. "हाई काय करी ठेवं रे? बठ्ठं तेल आंगनमा!"

"जॅक डुप्लिकेट निघाला, आई."

"जॅक ना, तू डुप्लिकेट शे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "चाल ज्योत्स्ना, यष्टीवर जाऊत."

आम्ही दोघी एसटीनं जळगाव गाठून पुढे सावद्याला गेलो. भावानं विचारलं, "भाऊजी?" लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकी वर्षं मी नवऱ्यासाठी खोटं बोलत आले. दुकानात माल आलाय, तब्येत बरी नाही, काहीही. त्या दिवशी मात्र जे घडलं ते सांगून टाकलं. पंगत खो खो हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं सासूबाई.

दुसऱ्या दिवशी वना मेकॅनिकनं गाडी ओढून नेली. त्यानं नवा चेंबर टाकला, माउंटिंगं बसवली. काम चालू असताना हितेंद्र शेजारी उभा राहून त्याला सूचना देत होता. वना मान डोलवायचा आणि आपल्या पद्धतीनं करायचा.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी शेजारचे धनसिंगभाऊ बघायला आले. "एकदम मऊ चालते आता," हितेंद्र बॉनेटवर थाप मारत म्हणाला. "माउंटिंगं स्वतः बदलली. आहे काय त्यात!"

मी फाटकापाशीच होते. "आधी चेंबर कोणी फोडला तेही सांगा," मी म्हणाले.

धनसिंगभाऊ लगबगीनं आपल्या घराकडे निघाले. हितेंद्र घरात गेला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला. चारचौघांत नवऱ्याचा असा पाणउतारा केल्यावर आपल्याला वाईट वाटेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. काही वाटलं नाही. मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली.