सोप्या पदवीसाठी तीन राउंड

आमच्या घरात भांडायला बंदी आहे. म्हणजे टोमणे मारा, दारं आपटा, तोंड फुगवून बसा, काही हरकत नाही. पण आवाज चढला की बाबा जेवता जेवता नुसता अंगठा खाली करतात. खाली म्हणजे तळमजल्यावर, त्यांच्या बॉक्सिंग क्लबात. आम्ही वर राहतो आणि खाली लोक एकमेकांची थोबाडं रंगवायला शिकतात. बाबा शिकवतात. गल्लीतले सगळे त्यांना कोच म्हणतात, आईसुद्धा रागावली की कोच म्हणते.

घरातलं भांडण रिंगमध्ये गेलं की तीन राउंड. हेडगार्ड, ग्लोव्हज, दातांचं गार्ड, सगळं रीतसर. आणि जो हरेल त्यानं त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. कधीच नाही. बाबांच्या मते यामुळे घरात शांतता राहते, आणि राहते खरी. आत्यानं एकदा आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. दुसऱ्या राउंडला आईनं तिला दोरांवर असं काही लोळवलं की तेव्हापासून आत्या आमच्याकडे मुकाट्यानं जेवते आणि वर मागून घेते.

तर त्या रविवारी दुपारी अंगठा खाली गेला तो ताईच्या पदवीवरून.

ताईचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालं होतं आणि ती वर्गात पहिली आली होती. नापास झाली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. तिनं भात कालवता कालवता सांगून टाकलं की आपण इंजिनिअरिंग सोडतोय आणि तत्त्वज्ञान घेतोय, प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस आहे.

दादा आधी हसला. दादा स्वतः इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी पास झाला आणि आता एका कंपनीत पंपांची डिझाइनं तपासतो. त्याच्या परीक्षांची मला आठवण म्हणजे बाथरूमचं बंद दार आणि आतून त्याचं ओकणं. चार वर्षांत त्याचे निम्मे केस गेले, पोटात अल्सर आला, आणि पास झाल्याच्या दिवशी तो दुपारपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत झोपला. तो म्हणाला, तत्त्वज्ञान म्हणजे दुपारी उठणाऱ्यांचा विषय. मनात येईल ते लिहायचं, तपासणारा वितीनं मोजून मार्क देतो. ताईनं विचारलं, तू एक पेपर देऊन बघतोस का? दादा म्हणाला, विचार, आत्ता विचार, जेवता जेवता सोडवतो.

ताईनं घास गिळला. "एखादी गोष्ट अवघड आहे म्हणून ती चांगली, हे तुला कोणी सांगितलं?"

दादानं स्टीलचा पेला भिंतीवर मारला. पाणी आईच्या केसांवर, पेल्याला पोचा, भिंतीला टवका. जिला जमत नाही तिनं सोडलं तर मी समजू शकतो, असं काहीतरी तो ओरडत होता, पण जिला जमतंय तिनं सोपं निवडायचं म्हणजे नुसता माज आहे, बाकीच्यांच्या तोंडावर थुंकणं आहे. ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली की तुझ्या तोंडावर थुंकायला मला पदवी लागत नाही. बाबांचा अंगठा खाली गेला.

म्हणजे ताई हरली तर हा विषय कायमचा बंद. उद्याचा दिवस गप्प बसण्यात जाणार आणि ती परत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दादा हरला तर तिच्या पदवीबद्दल त्यानं जन्मात ब्र काढायचा नाही.

रविवारी क्लब बंद असतो, त्यामुळे आतमध्ये फक्त घामाचा आणि रबराचा वास. पंचिंग बॅगा नुसत्या लोंबकळत होत्या. ताईनं कोपऱ्यात आईला मागून घेतलं, कारण आई हॉस्पिटलात नर्स आहे आणि रक्त थांबवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मग दादाच्या कोपऱ्यात मी. कोपऱ्यातल्या माणसाकडे एक बादली, एक बाटली, एक स्टूल आणि एक टॉवेल. टॉवेल घाम पुसायला असतो आणि आपला माणूस आता मरेल असं वाटलं तर आत फेकायला. फेकला की आपला माणूस हरला. आमच्या क्लबात त्यावर अपील नाही. बाबा नेहमी म्हणतात, आतल्यापेक्षा कोपऱ्याला जास्त दिसतं, म्हणून कोपऱ्याला कारण विचारायचं नाही.

ताई आईला म्हणाली, "तू टॉवेल टाकलास तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही. आई, मी खरं सांगतेय."

आईनं टॉवेलची घडी घातली आणि ती त्याच्यावर बसली.

पहिला राउंड ताईचा. तिचे हात लांब आहेत आणि ती बारा महिने पुस्तकात डोकं घालून बसली असली तरी लांबून मारायचा सरळ जॅब विसरली नव्हती. टक, टक, टक. दादा जवळ यायला बघायचा आणि नाकावर खायचा. त्याचा खालचा ओठ फाटला. मी इतकी खूश झाले की टाळ्या वाजवल्या. राउंड संपल्यावर दादा स्टुलावर बसला, मी बाटली धरली, त्यानं चूळ भरली आणि लाल पाणी माझ्या टी-शर्टवर थुंकलं. "ठेंगू, तू कोणाच्या कोपऱ्यात आहेस?" मी म्हटलं, तुझ्याच, पण मारतेय मस्त ना ती?

दुसऱ्या राउंडला तो मान खाली घालून सरळ तिच्या हातांच्या आत घुसला. आणि मग त्यानं पोटात मारायला सुरुवात केली. डावा हुक बरगड्यांखाली बसला तेव्हा ताईच्या तोंडून जो आवाज आला तो मी क्लबात इतकी वर्षं राहूनही ऐकला नव्हता. गादीवर कोणी उडी मारावी तसा. प्रत्येक ठोशाबरोबर दादा दातांच्या गार्डमधून काहीतरी पुटपुटत होता. आधी मला वाटलं शिव्या देतोय. मग ऐकू आलं. "थर्मोडायनॅमिक्स." धप्. "मॅथ्स थ्री." धप्. "फ्लुइड मेकॅनिक्स." धप्, धप्. फ्लुइड मेकॅनिक्सला तो दोनदा बसला होता.

ताईलाही ते ऐकू गेलं आणि ती हसली. एवढा मार खाताना हसली, बाई. दादा भडकला. त्यानं उजवा हात कुठूनतरी मागून आणला आणि हेडगार्डच्या कडेला असा घातला की हेडगार्ड कानावर फिरलं आणि ताईची भुवई फाटली. भुवईतून रक्त फार येतं. डोळ्यात, गालावर, हनुवटीवरून पांढऱ्या टी-शर्टवर. बाबांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून जखम बघितली आणि म्हणाले, चालू.

मधल्या वेळात आईनं कापूस दाबला, व्हॅसलीन थापलं. टॉवेल तिच्याखाली तसाच.

तिसऱ्या राउंडला ताईचे हात वर होईनात. दादानं तिला दोरांवर नेलं आणि तिथंच ठेवलं. आता तो विषयांची नावं घेत नव्हता. नुसता मारत होता, कणीक तिंबावी तसा, डावा उजवा डावा. ताई गुडघ्यावर आली. बाबा मोजायला लागले. आठला ती उठली, तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र लोंबत होतं. "चालेल?" बाबांनी विचारलं. ताईनं मान डोलावली. मी बाबांकडे बघितलं. थांबवा ना, कोच. पण बाबा आईकडे बघत होते, कारण ठरवायचं कोपऱ्यानं. आणि आई ताईकडे बघत होती, दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरून, आणि तिला उठताच येत नव्हतं. तिला शब्दात अडकवलं होतं ताईनं.

मग मी दादाचं तोंड पाहिलं. त्याच्या नाकातून शेंबूड वाहत होता आणि तो रडत होता. जिंकत होता आणि रडत होता. त्यानं पुन्हा मारलं, ताईची मान मागे गेली आणि दोरावरून परत आली, आणि तो पुढच्या ठोशासाठी पाय रोवायला लागला.

माझ्या हातात टॉवेल होता. आपला माणूस आता मरेल असं वाटलं तर फेकायचा. मी फेकला.

तो दादाच्या डोक्यावर पडला. क्षणभर तो टॉवेल पांघरून उभा राहिला, बुजगावण्यासारखा.

बाबांनी टॉवेल उचलला, उलटसुलट केला. माझा आहे, मी म्हटलं, म्हणजे दादाचा. बाबांनी ताईचा हात धरून वर केला. तिला उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे हातासकट तिलाच उचलल्यासारखं झालं.

"मी जिंकत होतो," दादा म्हणाला.

"कोपऱ्याला कारण विचारायचं नाही," बाबा म्हणाले.

दादा दोरांमधून बाहेर आला. मला वाटलं पाणी मागेल, म्हणून मी बाटली पुढे केली. त्यानं ग्लोव्हसकट माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी बादलीसकट मागे गेले, वरचा दात हलला, जिभेवर गंज आल्यासारखी चव. तो दुसरा मारणार होता, पण ताई दोरांखालून सरपटत आली आणि तिनं त्याचा पाय धरून दात रोवले. दातांचं गार्ड असतानाच. तेवढ्यात बाबांनी त्याला मागून कवेत पकडलं. आमच्या क्लबात घंटेनंतर किंवा रिंगबाहेर हात उचलणाऱ्याला बाबा त्याच दिवशी हाकलतात. पोरांना, मोठ्यांना, एकदा एका पोलिसालाही हाकललं होतं. पण दादा बाबांच्या हातात नुसता धडपडत होता आणि माझ्यावर ओरडत होता.

"माझ्या वेळी कुठं मेली होतीस तू? सगळे कुठं मेला होतात?"

मला काही कळेना. ताईलाही नाही. आई उठली, अखेर उठली, आणि म्हणाली, "त्या वेळी त्याच्या कोपऱ्यात मी होते."

मग ते बाहेर आलं. दुसऱ्या वर्षाला दादानं सांगितलं होतं की मला इंजिनिअरिंग जमत नाही, मी सोडतो. आम्ही दोघी तेव्हा शाळेत गेलेलो. आवाज चढला, अंगठा खाली गेला, आणि समोर दुसरं कोणी नव्हतं म्हणून बाबांनी स्वतः ग्लोव्हज चढवले. पहिल्याच राउंडला दादा पडला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. दोन वर्षं आणि नंतरची दोन, एकदाही नाही. आम्हाला तो बाथरूममध्ये ओकताना ऐकू यायचा आणि आम्ही म्हणायचो, इंजिनिअरिंग फार अवघड असतं.

बाबा त्याच्या ग्लोव्हजच्या लेस सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. "तू परत कधी बोलला नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, मिटलं."

"बोलायचं नव्हतंच ना," दादा म्हणाला.

आईनं बाबांना हातानं बाजूला केलं आणि ती गाठ दातांनी तोडली. मग म्हणाली, आजपासून घरातली भांडणं वर होतील. तोंडानं. पेल्यांना पोचे आले तर आले. आणि कोचनी आत्ता जमीन पुसायची, कारण रक्त वाळलं की निघत नाही. बाबांनी फडकं घेतलं. मी त्यांना इतकं हळू पुसताना कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात फरशीवर बसलो होतो. ताईच्या भुवईला टाके, एक डोळा पूर्ण बंद, बरगड्यांना पट्टा. दादाचा उजवा हात बर्फात, बोटं सुजून वांग्यासारखी. माझ्या ओठाखाली कापूस. मी बोलले की थुंकी उडत होती आणि तरी मी बोलत होते, कारण मला गप्प बसवणारं कोणी उरलं नव्हतं. दादानं मला सॉरी म्हटलं. मी म्हटलं, दात पडला तर तुझा एक पाडीन. तो म्हणाला, ठीक आहे.

ताई म्हणाली, "मी उद्या जाणार आहे. टॉवेलचं मला काही सांगू नका, मी हरले होते, ते मला माहितेय. आता नियम नाही. तुला माझ्या पदवीला जे म्हणायचं ते म्हण."

दादा म्हणाला की उद्या त्या तोंडानं गेलीस तर ते तुला तत्त्वज्ञानाऐवजी दवाखान्यात प्रवेश देतील. एवढंच. ताईनं विचारलं, दुसऱ्या वर्षाला सोडून तू काय घेणार होतास? त्यानं बर्फाची पिशवी उलटी करून हातावर ठेवली. तिनं परत विचारलं. मी पण विचारलं. चार वर्षं न बोललेली गोष्ट माणसाच्या तोंडातून कशी येत असेल, मला वाटलं मोठी होऊन येत असेल. पण दादानं ती फ्रिजच्या दाराकडे बघत, आज भाजी कुठली हे सांगावं तशी सांगितली.

"भूगोल."

ताईचा उघडा डोळा आणखी उघडा झाला. "भूगोल?" ती म्हणाली. "अरे, तो तर सोपा असतो."

दादानं बर्फाची पिशवी उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. ताई हसायला लागली, बरगड्या धरून, कण्हत, हसत, आणि दादाही नाकातून कसातरी हसायला लागला. ताईचा एक टाका तट्कन सुटला आणि रक्त पुन्हा डोळ्यात उतरलं. आतून आई ओरडली की आता जो हसेल त्याला मी शिवीन, जागेवर, भूल न देता.