पाणीवाले त्र्यंबकराव

म्हातारी पाण्यात राहायला तयार नव्हती. अपूर्वाने तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून टाकीत सोडलं, तर ती धडपडत पुन्हा कडेच्या फळीवर चढली आणि मान आत ओढून बसली.

"काका, ये सुबह से ऐसी ही है क्या?"

"सकाळी तं बरी होती," त्र्यंबकराव म्हणाले आणि कोरड्या फरशीवर उगाचच झाडू मारू लागले.

म्हातारी म्हणजे वैनगंगेतलं मऊ पाठीचं कासव. महिन्यापूर्वी आली तेव्हा मासेमारीचा गळ तिच्या जबड्यात रुतलेला होता. बालाघाटजवळ नदीकाठी कासवांवर उपचार करणारं हे छोटंसं केंद्र. पाच टाक्या, एक पत्र्याची खोली आणि अपूर्वा नावाची तरुण पशुवैद्य, एवढाच पसारा. बाकी सगळं स्वयंसेवकांच्या भरवशावर. त्र्यंबकराव त्यातले सर्वांत वयस्क. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात बसून सुनंदाबाईंना भाजी कशी धुवावी ते शिकवू लागले, तेव्हा बाईंनीच हात जोडले. "कुठं बी जा, पण बाहेर जा," म्हणाल्या. तसे ते इथे आले आणि रमले. कासवं उलट उत्तर देत नसत, हेही एक कारण असावं.

त्यांची चौतीस वर्षं शहराच्या फिल्टर प्लांटवर गेली होती. तुरटी टाकायची, ब्लीचिंग टाकायचं, पाणी तपासून वर सोडायचं. नळाला गढूळ पाणी आलं की लोक शिव्या घालत. स्वच्छ आलं तर कोणाला त्यांची आठवणही होत नसे.

आज सकाळी अपूर्वा राजेगावला गेली होती. तिथे रस्त्यावर कोणाच्या तरी पोत्यात कासवं सापडली होती. त्र्यंबकराव केंद्रावर एकटेच होते. म्हातारीच्या, तीन नंबरच्या टाकीतलं पाणी हिरवट दिसलं आणि त्यांना राहवेना. कोपऱ्यात फरशी धुवायच्या ब्लीचिंगचा डबा होता. चौतीस वर्षांच्या सवयीचा हात तो, डोक्याला विचारायला थांबलाच नाही. त्यांनी पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतलं. पाणी नितळ होऊ लागलं तसं त्यांना मनातून समाधानच वाटलं. मग म्हातारी डोळे मिटून फळीवर आली. तिच्या मानेवर पांढरे चट्टे दिसले आणि त्र्यंबकरावांनी डबा परत कोपऱ्यात सरकवला.

अपूर्वाने आता म्हातारीचा जबडा उघडून पाहिला. "जखम तर भरली आहे. इन्फेक्शन रक्तात गेलं वाटतं. तगडं इंजेक्शन द्यावं लागेल." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "किडनीला झेपेल की नाही, माहीत नाही. पर और कोई रास्ता नहीं."

तिने सुई काढली. त्र्यंबकराव झाडू धरून उभे राहिले. नोकरीत असताना एकदा त्यांच्या हातून पाण्यात ब्लीचिंग जास्त पडलं होतं. नोटीस मात्र सोबत काम करणाऱ्या प्रेमलालला आली, त्या पाळीवर त्याची सही होती म्हणून. त्र्यंबकराव तेव्हा गप्प बसले होते. प्रेमलाल पुढे कधी त्यांच्याशी बोलला नाही. आज खरं बोललो तर ही पोरगी उद्यापासून येऊ नका म्हणेल, आणि पुन्हा घरची खुर्ची आपल्या नशिबी येईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

सुईत औषध भरलं गेलं.

"थांब पोरी," ते म्हणाले. "सुई नको लावू. म्या पाण्यात ब्लीचिंग टाकलं."

अपूर्वाने सुई मागे घेतली. "काय?"

"पाणी घाण दिसलं. सवयीनं हात गेला माहा. मले कळलंच नाही."

"काका, ही पाण्यात चमडीनंही श्वास घेते! आँखें जल गई होंगी उसकी!" तिने सुई ठेवली आणि म्हातारीला उचलून बोअरच्या नळाकडे धाव घेतली.

त्र्यंबकराव हादरले, पण ब्लीचिंग कसं घालवायचं हे त्यांच्याइतकं तिथे कोणाला ठाऊक होतं? त्यांनी टाकीचं बूच काढलं, स्कूटर काढली आणि घरून पाणी तपासायची पेटी आणली. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. ब्लीचिंगचं क्लोरीन उरलं असेल तर पाणी पिवळं होतं. टाकी घासली, धुतली, बोअरचं पाणी भरलं. थेंब टाकले. पिवळं. पुन्हा रिकामी केली, पुन्हा घासली. फिकट, पण पिवळंच.

आयुष्यभर तो पिवळा रंग दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पिवळं म्हणजे गाव सुखरूप. आज नळी उजेडात धरून ते वैनगंगामाईला विनवत होते, पिवळं नको दिसू दे.

चौथ्यांदा थेंब टाकूनही पाणी जसंच्या तसं, बिनरंगी राहिलं.

"आण तिले," ते ओरडले.

म्हातारी टाकीत सोडल्याबरोबर तळाशी गेली आणि तिथेच पडून राहिली. हालेना की डुलेना. दोघंही कठड्याला ओणवी झाली होती. बऱ्याच वेळाने पलीकडच्या कोपऱ्यात सोंडेसारखं टोकदार नाक पाण्याबाहेर आलं, हवा घेऊन आत गेलं, आणि म्हातारी टाकीभर फिरायला लागली.

अपूर्वा मटकन खाली बसली. "तुम्ही बोलला नसतात ना, तर मी ते इंजेक्शन दिलं असतं," ती म्हणाली. "मर जाती वो."

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. गुडघे एवढे दुखत होते, तरी अंग पिसासारखं हलकं झालं होतं.

अपूर्वाने टाकीवरची नोंदींची पाटी उतरवली आणि खडू त्यांच्या हातात दिला. "जे झालं ते लिहा. कोणाच्या हातून झालं, तेही."

त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: पाण्यात ब्लीचिंग टाकले गेले. चूक माझी. त्र्यंबक देशकर. मग खडू थांबला.

"पुढं काय लिहू वं?"

"म्हणजे?"

"नावाच्या पुढं. स्वयंसेवक लिहू का?"

"मग दुसरं काय लिहिणार?" अपूर्वा हात पुसत म्हणाली. "आणि उद्या सातला या. राजेगावची चार आली आहेत, त्यांच्याही टाक्या तपासायच्या आहेत."

त्र्यंबकरावांनी तो शब्द सावकाश, काना-वेलांटी सांभाळून लिहिला आणि पाटी जागेवर लावली.