उलटा उतार

नळदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला जिल्हा तुरुंगातून सुटून पाच महिने झाले होते. ज्या चोरीच्या संशयावरून त्याला आत टाकलं, ती चोरी मुळात झालीच नव्हती. इमारतीची हरवलेली पाण्याची मोटर दुरुस्तीच्या दुकानातच धूळ खात पडलेली निघाली. एवढं सिद्ध व्हायला सात महिने गेले. मिस्त्री घरी आला, दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कामावर गेला. आतलं कोणी विचारलं की एवढंच म्हणायचा, "होतं, जसं असतं तसं."

मग एक दिवस वर्तमानपत्रात निवेदन आलं. तुरुंगातल्या राहण्याच्या सोयींची चौकशी करायला समिती बसली आहे, सुटून आलेल्यांनी येऊन आपले अनुभव सांगावेत. मिस्त्रीने ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला चिकटवलं. बायको म्हणाली, झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या, आत्ता कुठे लोक पुन्हा कामाला बोलवायला लागलेत. तेव्हा तो जमिनीवर बसला आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं.

त्याच्या बराकीच्या दारावर रंगाने लिहिलं होतं, क्षमता चाळीस. आत माणसं होती एकशे अठरा. उताणं झोपायची सोय नव्हती, सगळे एका कुशीवर. एकाने कूस बदलली की अख्खी ओळ शिव्या घालत कूस बदलायची. टोकाला दोन संडास. एकाला कायमची फळी ठोकलेली, दुसरा दर आठ दिवसांनी तुंबायचा. जुनी माणसं खिडकीशी, आणि नव्याने आलेल्याची सतरंजी थेट संडासाच्या उंबऱ्याशी. तिथे मिस्त्रीच्या शेजारी एक शिंपीकाका होते, साठी उलटलेले. दुकानाच्या जागेवरून भाऊबंदकीत मारामारी झाली, त्यात काका आणि त्यांचा जावई दोघेही आत आले होते. संडास तुंबला की घाण पाणी सतरंज्यांखाली शिरायचं. काकांना मधुमेह. पायाला एक जखम झाली, ती भरेचना.

ज्याचा जन्म तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करण्यात गेला, त्याने तुंबलेल्या संडासाशेजारी हात बांधून बसायचं, ही शिक्षा मिस्त्रीला कोठडीपेक्षा जड गेली. दोन दिवस पाण्याचा आवाज ऐकून त्याने रोग ओळखला होता. बराकीतून बाहेरच्या चेंबरकडे जाणारा पाइप उलट्या उताराने टाकला होता. पाणी पुढे जाण्याऐवजी माघारी यायचं. फावडं, दोन माणसं आणि एक दिवस मिळाला असता तर काम कायमचं झालं असतं. त्याने शिपायाला सांगितलं, मग जेलरसाहेबांना. साहेब म्हणाले, "इथे तू कैदी आहेस. मिस्त्री बाहेर गेल्यावर हो." शिवाय तुरुंगात खणायला परवानगी कोण देणार? त्याने तीन अर्ज तक्रारपेटीत टाकले. नंतर कळलं, पेटीची किल्लीच हरवली होती.

आणि मग वरून तपासणी येणार असं ठरलं. त्या दिवशी साहेबांना अचानक मिस्त्रीची आठवण झाली. फावडं नाही, पण बांबूच्या लांब पट्ट्या मिळाल्या. अर्धा दिवस खपून त्याने पाइप मोकळा केला आणि बजावलं, हे आठ दिवस टिकेल, मूळ दुखणं तसंच आहे. साहेब म्हणाले, "तपासणी परवा आहे. आठ दिवस खूप झाले." तपासणीच्या सकाळी सत्तर माणसं गोदामात बसवून ठेवली. पाहुण्यांनी साखळी ओढली, पाणी खळाळत गेलं, शेरा पडला, व्यवस्था समाधानकारक. नवव्या दिवशी घाण पुन्हा सतरंजीखाली. त्याच महिन्यात काकांना इस्पितळात नेलं आणि उजव्या पायाची दोन बोटं काढली.

बायको उठली आणि तिने त्याचा चांगला शर्ट इस्त्रीला काढला.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या सभागृहात होती. मधोमध निवृत्त न्यायाधीश बाई, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. बाजूच्या खुर्चीत माहिती देण्यासाठी म्हणून खुद्द जेलरसाहेब बसले होते. त्यांना पाहून मागच्या बाकांवरचे दोघे-तिघे गुपचूप उठून गेले. जामिनावर सुटलेले शिंपीकाका मात्र बसून होते, लेकीने हात धरून आणलं होतं. त्यांना पाहून मिस्त्रीला धीर आला. आपण तोंडाने सांगायचं, पण काकांच्या पायाला कोण खोटं पाडणार?

प्रत्येकाला पाच मिनिटं होती. मिस्त्रीने रात्रंदिवस घोकलेलं सगळं सांगितलं आणि पाइपचा नकाशाही पुढे ठेवला, मापांसकट. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग कागद चाळत विचारलं, "तपासणी अहवालात तर संडास चालू होता असं लिहिलंय. मग कोणाचं खरं मानायचं?"

"दोन्ही खरं आहे, बाई. तो मीच चालू केला होता."

"म्हणजे तुम्हाला आत तुमच्या कामाची संधी दिली गेली?"

मिस्त्रीने नकाशावर बोट ठेवलं. तेवढ्यात लेखनिकाने टाइप केलंसुद्धा: कैद्यांना त्यांच्या कौशल्याचे काम उपलब्ध. नकाशाचं काय, असं मिस्त्रीने विचारलं. लेखनिक म्हणाला, जबाबाच्या नमुन्यात चित्र जोडायला रकाना नाही. बाईंनी नकाशा ठेवून घ्यायला सांगितलं, पण तो कुठे ठेवायचा हे ठरेपर्यंत पाच मिनिटं संपली.

पुढचं नाव शिंपीकाकांचं होतं. ते खुर्चीला धरून उभे राहिले. बाईंनी विचारलं, बराकीतली स्वच्छता कशी होती, उपचार वेळेवर मिळाले का. काकांनी एकदा जेलरसाहेबांकडे पाहिलं.

"सगळं ठीक होतं. साहेबांनी फार काळजी घेतली. माझी काही तक्रार नाही."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, पायाचं सांगा," तो जागेवरून म्हणाला. शिपायाने त्याला खाली बसवलं. काका म्हणाले, बोटं मधुमेहाने गेली, त्यात कोणाचा दोष नाही. लेक खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

बाहेर जिन्यात मिस्त्रीने त्यांना गाठलं. तुमच्यासाठी मी एवढा घसा कोरडा केला आणि तुम्ही मलाच खोटं पाडलंत, असं काहीबाही तो बोलत सुटला. काकांनी त्याला बोलू दिलं.

"जावई अजून आत आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "साहेबांनी त्याची सतरंजी आपल्याच जागेवर, संडासाशी टाकलीय."

मिस्त्री त्यांच्या वाटेतून बाजूला झाला. राग मात्र गेला नाही, तो कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना.

नकाशाची दुसरी प्रत काढून तो बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे गेला. अभियंता भला माणूस निघाला. नकाशा पाहून म्हणाला, बरोबर आहे, उतार उलटाच आहे. पण भिंतीच्या आतली नळी तुरुंग खात्याची, भिंतीबाहेरची नगरपालिकेची, आणि चेंबर येतो नेमका भिंतीखाली. नगरपालिकेने पुन्हा बांधकाम खात्याकडे धाडलं. तुरुंग खात्याने नुसती पोच दिली. महिनाभर मिस्त्री कामं सोडून टोलवाटोलवी सोसत राहिला. ज्या दुखण्याला एक फावडं पुरलं असतं, त्यासाठी त्याच्या चपलेचे तळ झिजले. घरी तो वाटी पडली तरी ओरडायला लागला.

एका दुपारी शिंपीकाका लंगडत घरी आले. चहा झाला. मग त्यांनी सांगितलं, जावयाला भेटून आलो. सुनावणीनंतर चारच दिवसांत त्याची जागा बदलली. आता खिडकीशी आहे, उताणा झोपतो.

"आणि संडास?"

"तसाच."

"मग तिथे कोण झोपतं?"

"असेल कोणी नवा." काका कपाकडे पाहत राहिले.

मिस्त्रीला बोलल्यावाचून राहवेना. "तुम्ही खोटं बोललात तर तुमचं माणूस खिडकीशी गेलं. मी खरं बोललो, मला काय मिळालं?"

काकांनी वर पाहिलं. "तू खरं बोललास म्हणूनच माझ्या खोट्याला किंमत आली. तू नसतास, तर साहेबांना माझी गरज काय होती?"

हे आभार होते की आणखी एक चपराक, हे मिस्त्रीला उमगलं नाही. काका जायला उठले तेव्हा बायकोने खुणेने सांगितलं, म्हणून तो त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला. रागाने त्याचे पाय भराभर पडत होते, काका मागे राहत होते, आणि दर दहा पावलांवर थांबून त्याला त्यांची वाट पाहावी लागत होती.