प्लेनोत लॉर्ड लिटन विजयी

रविवारी दुपारी चार वाजता टेक्सासमधल्या प्लेनो इथे लॉर्ड लिटन यांनी लॉर्ड रिपन यांचा पराभव केला. मतदान हात वर करून झालं आणि हात मोजायची गरज पडली नाही.

सुनेत्राने रिपनसाठी हात वर केला होता. आजूबाजूला नजर टाकल्यावर तिने तो केस सारखे केल्यासारखं करून खाली घेतला.

मराठी मंडळाच्या वादविवादाला हा विषय तिनेच सुचवला होता: लिटन की रिपन, चांगला व्हाइसरॉय कोण? तिला अचानक इतिहासाचा उमाळा आला होता अशातला भाग नाही. डेंटिस्टचा दवाखाना आणि ड्रायक्लीनर यांच्या मधोमध असलेल्या मंडळाच्या हॉलमध्ये ती कित्येक वर्षं रविवारी सकाळी मुलांची मराठी शाळा घेत आली होती. यंदा अध्यक्ष परीक्षितला तीच वेळ ढोल-ताशा पथकाच्या सरावासाठी हवी होती. त्याचं कारणही खोटं नव्हतं. रविवारी दुपारी हॉलमध्ये मंडळाचे कार्यक्रम असतात, रविवार सोडला तर दवाखाना रोज उघडा असतो, आणि तोंडात ड्रिल चालू असताना भिंतीपलीकडून ढोल ऐकायला कुठलाच पेशंट तयार नव्हता. वादविवाद संपला की लगेच सर्वसाधारण सभा होती. शाळेचं काय करायचं ते तिथे ठरणार होतं.

म्हणून सुनेत्राने बेत रचला. एकीकडे लिटन: दुष्काळात माणसं मरत असताना दिल्लीत दरबार भरवणारा, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा. दुसरीकडे रिपन: तो कायदा रद्द करणारा, गावोगावचा कारभार तिथल्या लोकांच्या हाती द्यायला निघालेला. दरबारातले हत्ती, तंबू आणि तोफांचं वर्णन ऐकल्यावर सभासदांना गेल्या गणपतीत अध्यक्षांनी क्रेनवरून उधळलेली फुलं आठवल्याशिवाय राहिली नसती. परीक्षितचं नाव घ्यायचंही कारण नव्हतं.

रिपनची बाजू रुहीने मांडली असती तर काम फत्ते होतं. रुही अकरावीत होती, प्लेनोतच जन्मलेली, आणि शाळेची सर्वांत तयार विद्यार्थिनी. पण बाजू आपणच वाटून द्यायच्या हे सुनेत्राच्या मनाला पटेना. उद्या कुणी पक्षपात म्हणायला नको, म्हणून तिने सगळ्यांसमक्ष नाणं उडवलं. रुहीला लिटन आला. रिपन गेला परीक्षितच्या मुलाकडे, देवकडे.

देवने रोमन लिपीत लिहून आणलेला रिपन वाचून दाखवला. ‘स्थानिक स्वराज्य’ या शब्दांपाशी तो दोनदा अडखळला आणि पाणी पिऊन खाली बसला.

रुही हायस्कूलच्या डिबेट टीममधली. समोर येईल ती बाजू लढवायची तिला सवय होती. नेता म्हणजे काय, इथूनच तिने सुरुवात केली. जो बोलतो ते करून दाखवतो तो नेता. लिटनने पहिली जानेवारी सांगितली आणि पहिल्या जानेवारीला दरबार झाला. राजेमहाराजे हजर, बसायची व्यवस्था चोख. रिपनने काय केलं? गोऱ्यांचे खटले देशी न्यायाधीशांपुढे चालवू म्हणाला, गोरे चिडले, तशी अर्धी माघार घेतली. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून देवने मध्येच दुष्काळाचं काय, असं विचारलं.

“दुष्काळ होता, मला मान्य आहे,” रुही म्हणाली. “पण दरबाराला आलेल्यांपैकी एकही जण उपाशी परत गेला नाही.”

हॉल हसला आणि मग टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत परीक्षित उभा राहून टाळ्या वाजवत होता. अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या कामाचं इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

“काय तयार केलीयस गं पोरीला,” मंडळाचे संस्थापक प्रल्हादकाका सुनेत्राला म्हणाले. “मला तर वाटायला लागलं, लिटनने उगाच शिव्या खाल्ल्या.”

चहाच्या टेबलापाशी सुनेत्राने रुहीला गाठलं. तुला खरंच लिटन बरा वाटतो का, असं तिने विचारलं.

“ऑफकोर्स नॉट, मावशी. ही वॉज ऑफुल. पण टॉस तूच केलास ना?”

सभेत परीक्षित मोठ्या मनाने बोलला. देवची तयारी करून घेता घेता आपल्यालाही रिपन आवडायला लागला, असं त्याने सांगितलं. म्हणून त्याचा ठराव असा की, मराठी शाळेला स्वराज्य द्यावं. शाळेची वेगळी समिती, सुनेत्राताई तिच्या प्रमुख. पुस्तकं, शिक्षक, वेळ, जागा, सगळं समितीने ठरवावं. मंडळ लुडबूड करणार नाही.

“आणि वर्ग भरवायचे कुठे?” सुनेत्राने विचारलं.

“ते समिती ठरवेल ना. आम्ही ठरवलं तर ते स्वराज्य कसलं, ताई?”

त्याच्या मागे भिंतीवर सुनेत्रानेच केलेलं रिपनचं पोस्टर होतं. ठरावाला विरोध करायचा तर आधी त्या पोस्टरला करावा लागला असता. ठराव एकमताने संमत झाला. सुनेत्राचाही हात वर होता, आणि या वेळी तिने तो खाली घेतला नाही. हात वर ठेवूनच ती उभी राहिली. शाळा समितीची पहिली बैठक आत्ताच पार पडली, असं तिने जाहीर केलं. समितीत सध्या ती एकटीच असल्यामुळे सर्व सदस्य उपस्थित होते. शाळा याच हॉलमध्ये, रविवारी सकाळी दहा वाजता भरेल, असं समितीने ठरवलं होतं.

परीक्षितचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं. असा अधिकार समितीला आहे का, हे मंडळाच्या घटनेत बघावं लागेल, असं प्रल्हादकाका म्हणाले. घटना त्यांनीच लिहिली होती. ती गराजमधल्या कुठल्या खोक्यात आहे हे फक्त काकूंना ठाऊक, आणि काकू मुलीच्या बाळंतपणासाठी दूर दुसऱ्या राज्यात, श्रूजबरीला गेलेल्या. फोनवर काकूंनी एवढंच सांगितलं की बाळ रडतंय, नंतर बोलू.

बुधवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुनेत्राचा मेसेज आला: शाळा रविवारी सकाळी दहाला. त्याखालोखाल परीक्षितचा: ढोल सराव रविवारी सकाळी दहाला, सर्वांनी कमरेचे पट्टे आणावेत. हॉलच्या दाराचा कोड दोघांनाही माहीत आहे.

रुही शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवते आणि पथकात ताशा वाजवते. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही मेसेजखाली तिचा अंगठा होता.