खुन्याची अंगाई

रोममध्ये सिनेमांच्या पार्श्वसंगीतात गाणं हा माझा धंदा. पडद्यावरच्या नामावलीत नाव येत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात संगीतकार तावेर्नांनी मला बोलावलं. पडद्यावर काळे हातमोजे घातलेले दोन हात दार हळूच ढकलत होते. एवढंच दाखवलं.

“गाऊ नकोस, फिओरेन्झा. पोरीला झोपवतेस ना, तसं नुसतं गुणगुण.”

मी अशी शहाणी, की नीवेसला झोपवताना गुणगुणते तीच अंगाई गुणगुणले. तासाभरात मोकळी झाले.

सिनेमा लागला आणि ईस्टरपर्यंत खुन्याची ती चाल गावभर झाली. मासळीवाला ती शिट्टीवर वाजवी, पोरं ती गुणगुणत दबक्या पावलांनी एकमेकांच्या मागे जात. मी मनातून सुखावत होते, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी माझी नणंद एर्सीलिया पाच वर्षांच्या नीवेसला सिनेमाला घेऊन गेली. आमच्याकडे खेळाची वेळ बघून कोण जातं? पाय दुखले की मध्येच आत शिरायचं. बाहेर कुठलं पोस्टर आहे हेही तिनं पाहिलं नाही, आणि दारावरचा माणूस ओळखीचा, त्यानंही हटकलं नाही. आत नेमका तोच सिनेमा; पोरगी किंचाळली तेव्हा बया तिला घेऊन बाहेर आली.

त्या दिवसापासून नीवेस मला जवळ येऊ देईना. माझ्या हातचं सूप खाईना. तिसऱ्या दिवशी टेबलाखालून तिनं विचारलं, “आई, तू त्या बाईला का मारलंस?”

“अगं, ते हात माझे नव्हते!”

“आवाज तुझा होता.”

अशा सिनेमांत खुन्याचा चेहरा शेवटी दिसतो, तो हिला दाखवायचा, असं मी ठरवलं. मी स्वतः तो सिनेमा पाहिलेला नव्हता. तावेर्नांना फोन केला, तर ते हसले. “खुनी कोण हे सांगायचं नाही. पोस्टरवरच तसं छापलंय, वाचलं नाहीस?”

एर्सीलिया म्हणाली, “बुवाच असणार गं. एवढी रुंद पाठ बाईची असते होय?”

मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीवेसला जवळजवळ ओढतच नेलं. खेळ संपायला दहा मिनिटं होती. थिएटर निम्मं रिकामं, सिगारेटच्या धुरानं भरलेलं. कडेच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांच्या शेजारी तिला बसवलं आणि तिचा हात घट्ट धरला.

“बघ हं, आता तो टोपी काढेल. मिशीवाला बुवा असेल.”

काळ्या हातमोज्यांनी टोपी काढली. केस खांद्यावर उतरले. माझ्याच वयाची बाई होती. ती एका रिकाम्या पाळण्यापाशी बसली, तिचे ओठ हलले, आणि माझा आवाज चारी भिंतींतून आला.

नीवेस किंचाळली नाही. तिनं माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून घेतलं आणि शेजारच्या गृहस्थांची बाही ओढली.

“आजोबा,” ती अगदी हळू म्हणाली, “मला तुमच्या घरी न्याल?”